येऊ दे, येऊ दे… साकू!

(वाचकांचे प्रश्न, ड्रायव्हरमामांची उत्तरं)

दोन महिन्यांपूर्वी एकानं मोटरहोमबद्दल विचारलं होतं. मी चार ओळींत त्याला वाटेला लावलं, आणि तेव्हापासून पत्रं थांबेनात. बेळगावात एवढ्या घरगाड्या कधी झाल्या, मला पत्ताच नाही. म्हणून यावेळी सगळी पत्रं त्याच विषयाची घेतलीत. क्लचवाल्यांनी थोडं थांबावं.

आधी एक सांगून टाकतो. माझ्या मालकीची मोटरहोम नाही. एकतीस वर्षं सरकारी बस चालवली, त्यातली शेवटची सहा नव्या पोरांना शिकवण्यात गेली. मोटरहोम चालवल्यात तीन, त्याही दुसऱ्यांच्या. पण बस लोकांना बसवून झोपवते आणि ही आडवं करून झोपवते, एवढाच काय तो फरक. मागं घेताना दोघींची खोड एकच. आणि आमच्या स्टँडवर गाडी फलाटाला तोंड लावून उभी राहते, निघताना मागंच घ्यावी लागते. म्हणजे दिवसातून आठ-दहा वेळा रिव्हर्स आला. एकतीस वर्षांचा हिशेब तुम्हीच घाला.

प्रश्न: मामा, मी बँकेतून निवृत्त झालोय. धाकट्या भावाबरोबर मिळून ट्रॅव्हलर मिनीबसच्या चॅसिसवर मोटरहोम बांधून घेतलंय, लांबी सात मीटर. घरच्या फाटकातून रिव्हर्समध्ये आत घेताना कधी लागलं नाही. पण बाहेर काढून उजवीकडे वळताना मागचा डावा कोपरा खांबाला दोनदा घासला. पुढं जाणारी गाडी मागं कशी काय लागते? (हिंदवाडी, बेळगाव)

साहेब, खांद्यावर शिडी घेतलेला रंगारी कधी गर्दीत वळताना बघितलाय? तो उजवीकडे बघायला वळतो आणि शिडीचं मागचं टोक डावीकडे उभ्या असलेल्याच्या कानफटात बसतं. तुमच्या गाडीचं अगदी तेच झालं. गाडी वळते ती मागच्या आसाच्या, म्हणजे मागच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या आधारानं. आसाच्या पुढचं सगळं उजवीकडे गेलं की आसाच्या मागं जे लोंबतंय ते डावीकडे जाणारच. आम्ही त्याला शेपूट म्हणतो.

कारला शेपूट जवळपास नसतंच, म्हणून कार चालवणाऱ्याला हे ठाऊक नसतं. तुमच्या गाडीला आहे. नियमानं मागचं लोंबतं अंग दोन आसांमधल्या अंतराच्या साठ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. तुमच्या गाडीत ते अंतर चार मीटरच्या आसपास असेल, म्हणजे शेपूट २.४ मीटरपर्यंत असू शकतं. त्यावर लोक आणखी सायकलचा स्टँड लावतात, शिडी लावतात, स्टेपनी टांगतात. शेपटाला शेपूट.

किती फिरतं, हे मी सांगण्यापेक्षा तुम्हीच मोजा. रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या मैदानावर जा. चुन्यानं एक लांब रेघ ओढा. गाडीची डावी बाजू त्या रेघेला लावून सरळ उभी करा. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे तोडा, म्हणजे फिरवा, आणि पायी चालण्याच्या वेगानं पुढं घ्या. भावाला मागच्या डाव्या कोपऱ्याजवळ, पण चार हात लांब उभं करा. कोपरा रेघेच्या पलीकडे जास्तीत जास्त जिथं गेला तिथं त्यानं खूण करायची. दोन मीटर शेपटाला साधारण फूटभर येईल. आमच्या लांब बसला दीड फुटापर्यंत यायचं. जो आकडा येईल तो कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. वहिनींना हसू द्या.

आता फाटक. बाहेर पडताना दोन भीती असतात. उजवं मागचं चाक आतून कापत येतं, ते उजव्या खांबाला लागू शकतं. ते चाक खांबाच्या बाहेर आलं की आपण सुटलो म्हणून स्टिअरिंग पूर्ण तोडतो, आणि नेमकं त्याच वेळी शेपूट अजून दोन खांबांच्या मध्ये असतं. तुमचा दोन्ही वेळा तिथंच घात झालाय. रस्ता रुंद असेल तर शेपूट बाहेर येईपर्यंत सरळ जा. आपल्याकडच्या गल्ल्यांत तेवढी जागा नसते, मग डाव्या खांबापासून तुमच्या कागदावरचा आकडा अधिक वीतभर एवढं अंतर राखून निघा, आणि स्टिअरिंग एकदम तोडू नका, हळूहळू द्या. तरी जमत नसेल तर एक खांब फूटभर सरकवून घ्या. गवंड्याचा खर्च डेंटिंग-पेंटिंगपेक्षा कमी येतो.

रिव्हर्समध्ये आत घेताना लागलं नाही म्हणता, ते नशिबावर सोडू नका. मागं घेताना शेपूट आत जातं, पण तोंड उलट्या बाजूला बाहेर फेकलं जातं. तुमचे डोळे मागच्या आरशात आणि बॉनेटचा कोपरा समोरच्या घरच्या तुळशीवृंदावनात, असं व्हायला वेळ लागत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी डेपोच्या धुण्याच्या रॅम्पवर शेपूट लागून एक टेललाइट फोडला होता. पगारातून कापले ते सोडा, आठवडाभर सगळा डेपो मला शेपूट म्हणून हाक मारत होता.

प्रश्न: मामा, गाडी मागं घेताना मी खाली उतरून मागं उभी राहते आणि यांना सांगते. रोज भांडण. हे म्हणतात तू ओरडतेस, मी म्हणते तुम्ही ऐकत नाही. गेल्या महिन्यात आंबोलीला या कारणावरून दोन दिवस अबोला होता. काहीतरी सांगा. (टिळकवाडी, बेळगाव)

ताई, भांडणाचं मूळ तुमच्या स्वभावात नाही, तुमच्या उभं राहण्याच्या जागेत आहे. मागं उभ्या राहता म्हणता ना? बरोब्बर मागं उभं राहिलेला माणूस ड्रायव्हरला दिसत नाही. काच वर, इंजिन चालू, आत पंखा. त्यांना तुमचा आवाज येतो, शब्द येत नाहीत. मग ओरडल्यासारखंच वाटणार की. आणि मोठी गोष्ट अशी, की चुकून पाय क्लचवरून सटकला तर मध्ये तुम्ही आहात.

उभं राहायचं ते गाडीच्या मागच्या उजव्या कोपऱ्याच्या बाजूला, चार-पाच हात लांब, जिथून यांच्या उजव्या आरशात तुमचं तोंड दिसेल. तुम्हाला त्यांचं तोंड आरशात दिसत नसेल तर त्यांना तुम्ही दिसत नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. आणि यांना माझ्याकडून ठणकावून सांगा: आरशातून बायको नाहीशी झाली की त्या क्षणी ब्रेक. ती कुठं गेली असेल याचा विचार नंतर.

खुणा आधी ठरवा, गाडी चालू करायच्या आधी. हात आपल्याकडे ओढला तर येऊ दे. दोन तळहात जसजसे जवळ आणाल तेवढंच अंतर उरलं. दोन्ही हात वर, तळवे त्यांच्याकडे, म्हणजे थांबा. बाकी हातवारे नकोत. डास हाकलायचे असतील तर आधी थांबायची खूण करा, मग हाकला. रात्री बॅटरी जमिनीवर मारा, आरशात नको, नाहीतर त्यांचे डोळे दिपतात. आमच्या डेपोत शिट्टी चालायची. आखूड आखूड शिट्ट्या वाजत राहिल्या तर ये, लांब एक शिट्टी म्हणजे थांब, आणि शिट्टी बंद पडली तरीही थांब. ही शेवटची सगळ्यात कामाची. कंडक्टर पाय घसरून पडला तर तो शिट्टी वाजवत पडत नाही.

शब्दच वापरायचे असतील तर एकच भाषा ठरवा. आपल्या भागात ही मोठी गंमत आहे. मागच्या दिवाळीत मी सौंदत्ती रस्त्यावर एका हॉटेलात चहा घेत होतो. पुण्याकडची एक मोटरहोम आली. हॉटेलचा पोरगा धावत मदतीला गेला, चांगल्या मनानं. "बर्ली, बर्ली, बर्ली…" म्हणत त्यानं गाडी मागं बोलावली. येऊ दे, येऊ दे. एवढं त्या पाहुण्याला हातावरून समजलं. मग पोरगा ओरडला, "साकू! साकू!" कन्नडात साकू म्हणजे पुरे, बस्स, हे आपल्याला ठाऊक. पाहुण्यांना ऐकू आलं "सरकू, सरकू". ते आणखी सरकले. मागं सिमेंटचा पाण्याचा हौद होता. हौद गेला, बंपर गेला, आणि पोरगा बिचारा मालकाच्या शिव्या खात "नानू साकू अंदे, साकू अंदे" (मी पुरे म्हटलं होतं) म्हणत उभा. मी दोघांच्या मध्ये पडलो. दोघंही खरं बोलत होते.

म्हणून कुणीही अनोळखी माणूस मदतीला आला तर आधी उतरा, त्याच्याशी बोला, थांबायची खूण कोणती ते विचारा. आणि हो, तीन माणसं एकदम सांगायला लागली तर गाडी बंद करा. तिघंही तुमच्या भल्यासाठीच सांगत असतात, पण प्रत्येकजण वेगळ्याच कोपऱ्याकडे बघत असतो.

दोन दिवस अबोला असताना गाडी मागं कुणी घेतली, हे मात्र तुम्ही लिहिलं नाही.

प्रश्न: गाडीला मागचा कॅमेरा आणि सेन्सर आहे. तरी माणूस उतरवायची गरज आहे का? (चिकोडी)

आहे. कॅमेरा जमीन दाखवतो, आभाळ दाखवत नाही. मोटरहोमला लागतं ते बहुतेक वरच. फणसाची फांदी, घराचा सज्जा, गल्लीत आडवी गेलेली विजेची सर्व्हिस वायर, गणपतीतला मांडव. छतावर एसी आणि सोलरचं पॅनल बसवल्यावर गाडीची उंची पुन्हा मोजलीत का? कंपनीच्या पुस्तकातली उंची आता तुमची नाही. टेपनं मोजा, मीटरमध्ये आणि फुटांत दोन्ही लिहून ठेवा. पुलाखालच्या पाटीवर मीटर असतात आणि गावातला माणूस फुटांत सांगतो. ३ मीटर म्हणजे ९ फूट १० इंच, असं. शिवाय आपल्या पावसात कॅमेऱ्याच्या काचेवर चिखल बसला की पडद्यावर फक्त तांबडं दिसतं. मागं घेण्याआधी फडक्यानं पुसा. आणि गोल फुगीर आरशात वस्तू आहे त्यापेक्षा लांब दिसते, अंतर त्यात मोजू नका. त्यात फक्त कुणी आहे का एवढं बघायचं.

प्रश्न: माझं जांबोटीजवळ शेत आहे. गोव्याला जाणारे मोटरहोमवाले रात्री राहायला जागा विचारतात. दोन-तीन गाड्या उभ्या राहतील अशी सोय करायची आहे. जागा कशी असावी? (खानापूर तालुका)

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण तुम्ही गाडी येण्याआधी विचारलंत.

पहिली गोष्ट माती. तुमची तांबडी माती पावसाळ्यात साबणासारखी होते. पूर्वेकडं बैलहोंगल भागातली काळी माती याहून वाईट, ती चाकाला धरून बसते. चार-साडेचार टनांची गाडी कोरड्या दिसणाऱ्या बांधावरही रुतते. साधी परीक्षा सांगतो. टाचेवर सगळा भार देऊन उभे राहा आणि फिरा. टाच बोटभर आत गेली तर तिथं गाडी नाही. जागेवर जांभ्याचे तुकडे भरून वर मुरूम टाका, रोलर फिरवा आणि एक पावसाळा जाऊ द्या. पहिल्या पावसात जिथं दबेल तिथं पुन्हा भर. एका वर्षात पैसे काढायची घाई केलीत तर पाहुण्यांची गाडी ओढायला ट्रॅक्टर तुमचाच लागेल, आणि त्याचे पैसे मागायची लाज वाटेल ती वेगळी.

माप. सात मीटरच्या गाडीला दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद जागा द्या. दार उघडायला आणि खुर्ची टाकायला तेवढी लागतेच. वरती साडेतीन मीटर मोकळं, फांद्या छाटून घ्या. पाणी जाण्यापुरता उतार हवा, दहा मीटरला चार-पाच बोटं. त्याहून जास्त झाला तर झोपलेला माणूस रात्रभर एका अंगावर घरंगळत राहतो. गाडी तिरकी राहत असेल तर खालच्या बाजूच्या चाकाखाली जाड फळी घालायची. मागं जोडचाकं असतील तर दोन्ही चाकं फळीवर आली पाहिजेत. जॅकवर गाडी सरळ करून आत झोपू देऊ नका. पाहुणा कितीही शहाणा असला तरी.

दिशा. आपलं स्टिअरिंग उजवीकडे. म्हणून उभं राहायची जागा रस्त्याच्या उजव्या हाताला आणि किंचित तिरकी ठेवा, म्हणजे ड्रायव्हर थोडा पुढं जाऊन उजवीकडे वळत मागं येईल आणि स्वतःच्या खिडकीतून मागचं चाक बघू शकेल. डाव्या बाजूला मागं घेणं म्हणजे आंधळी कोशिंबीर. यूट्यूबवर याच्या उलट सांगतात, कारण ते व्हिडिओ अमेरिकेचे आणि त्यांचं स्टिअरिंग डावीकडे. दोन पाहुणे मला असे भेटलेत ज्यांनी व्हिडिओ बघून पाठ केलं आणि नेमके आंधळ्या बाजूनं मागं आले.

आता एक युक्ती, फुकटची. जागेच्या मागं भिंत किंवा झाड असेल तर जमिनीवर एक जाड ओंडका आडवा ठोकून टाका, मागच्या चाकाला अडेल असा. किती अंतरावर? शेपटाची लांबी अधिक दोन फूट. शेपूट २.४ मीटर धरलं तर ओंडका भिंतीपासून तीन मीटरवर. चाक ओंडक्याला टेकलं की ड्रायव्हरला बुडाखाली कळतं, सांगायला कुणी नसलं तरी. जागेच्या कोपऱ्यांना चुना लावलेले दगड मांडायची आपल्याकडे हौस असते. ते नका करू. गुडघ्याखालचा दगड आरशात दिसत नाही, टायरची बाजू मात्र फाडतो. त्यापेक्षा कंबरेएवढ्या वेताच्या काठ्या रोवा, वर पांढरं फडकं बांधा. मोडली तर काठी मोडेल.

आणि एक अपवाद. मोटरहोमवाले तुम्हाला सांगतील की गाडी नेहमी मागं घेऊन, तोंड रस्त्याकडे करून लावावी, म्हणजे रात्री-अपरात्री निघायला सोपं. खरं आहे, मीही तसंच लावतो. पण या गाड्यांना ताकद बहुतेक मागच्या चाकांत असते. जून-जुलैत, मुरूम अजून बसला नसताना, मागं घेतलं तर ताकदीची चाकंच आधी चिखलात जातात. अशा वेळी तोंडानं आत घ्या आणि मागची चाकं घट्ट रस्त्याजवळ राहू द्या. सकाळी मागं काढावं लागेल, पण निघेल तरी.

मोरीवरून, म्हणजे छोट्या पुलावरून आत यायचं असेल तर ती कडेला रंगवा. उसाची ट्रॉली जाते म्हणून मोटरहोम जाईल असं धरू नका. ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागं येते, मोटरहोमचं पुढचं चाक आणि मागचं चाक वळणावर एका रेषेत चालत नाहीत.

प्रश्न: माझा मुलगा गाडीच्या मागं ओढायची छोटी कॅराव्हॅन आणतोय. ती मागं घेताना उलटीकडेच पळते म्हणतो. (निपाणी)

मुलाला म्हणावं, आजोबांना विचार. बैलगाडी मागं घेताना गाडी डावीकडे न्यायची तर जू उजवीकडे न्यावं लागतं. तेच. स्टिअरिंगच्या वर हात ठेवला की डोकं फिरतं, म्हणून हात खाली, सहाच्या काट्यावर धरायचा. मग हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला कॅराव्हॅन जाते. थोडंच फिरवायचं आणि लगेच परत आणायचं. आखूड ट्रॉली लांब ट्रॉलीपेक्षा लवकर पिसाळते. कोन फार झाला की मागं घेऊन तो सुटत नाही, पुढं जाऊन सरळ करायचं आणि पुन्हा सुरू. यात कमीपणा नाही. मी पाच-पाच वेळा पुढं गेलोय.

तुम्ही निपाणीचे, म्हणून एक जास्तीचं. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर अरुंद रस्त्यावर समोर आला तर त्याच्याशी वाद घालू नका. दोन सांध्यांची ती माळ मागं घेणं जवळपास अशक्य असतं. तुमची चूक असो की त्याची, मागं तुम्हीच जा. आणि रात्री रस्त्याच्या कडेला मोटरहोम लावून झोपायचा तर हंगामात विचारही करू नका. त्या ट्रॉल्यांना मागं दिवा असेलच असं नाही, आणि ड्रायव्हर रात्रभर जागा असतो.

प्रश्न: घाटात समोरासमोर आलो तर मागं कुणी जायचं? (शिनोळी)

नियम असा, की रस्ता दोघांना पुरत नसेल तर उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला वाट द्यायची. पण उतरणाऱ्याच्या मागं वळणावर दहा गाड्या साचल्या असतील आणि तुमच्या मागं वीस मीटरवर रुंद जागा असेल तर नियम सांगत बसू नका. एवढंच, की दरीच्या बाजूचं चाक दिसत नसताना एक फूटसुद्धा मागं घ्यायचा नाही. उतरा, चालत जाऊन जागा बघा, मग घ्या. चोर्ल्याच्या वळणावर मागचे हॉर्न वाजवतात म्हणून घाई केलेला एक ट्रक मी कठड्यावर टेकलेला बघितलाय. हॉर्न वाजवणारे तोवर निघून गेले होते.

चढावर थांबलात तर हँडब्रेक, पहिला गिअर आणि चाकाला दगड. तोंड उताराकडे असेल तर रिव्हर्स गिअर. दगड उताराच्या बाजूनं. निघताना तो दगड उचलून कडेला टाका. रात्री मोटारसायकलवाला त्यावर पडतो आणि शिव्या सगळ्या ड्रायव्हर जातीला बसतात.

प्रश्न: मोटरहोमला बसचं लायसन्स लागतं का? (संकेश्वर)

गाडीचं भरलेलं एकूण वजन आरसी पुस्तकात बघा. ७,५०० किलोपर्यंत असेल तर हलक्या वाहनाचं, म्हणजे कारचं लायसन्स चालतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं तर एवढ्या वजनाच्या मालवाहू-प्रवासी गाड्यांनाही ते चालतं असं पक्कं केलं. साध्या व्हॅनची मोटरहोम करून घेतली असेल तर तो बदल आरटीओत आरसीवर चढवलेला हवा, नाहीतर विम्याच्या वेळी रडावं लागेल. आणि भाड्यानं द्यायची असेल तर खासगी नंबरावर चालणार नाही.

प्रश्न: कणकुंबीला डिसेंबरात थंडी फार. भिंतीला पाठ लावून गाडी उभी केली आणि रात्री इंजिन चालू ठेवून आत हीटर लावला तर चालेल का? (अनगोळ)

नाही. मलप्रभा तिथं उगम पावते, तिथलं पाणी पिऊन या, पण हे करू नका. सायलेन्सर भिंतीकडे असला की धूर बाहेर जात नाही, गाडीखाली साचतो आणि फटींतून आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणसाला फक्त झोप येते. शेगडीचे निखारे आत घेणं हेही तसंच. जाड घोंगडं घ्या. आमच्या रात्रवस्तीच्या गाड्यांत आम्ही पेपर अंथरून त्यावर घोंगडं टाकायचो, आणि एक काच दोन बोटं उघडी.

प्रश्न: मामा, तुम्ही प्रत्येक वेळी "उतरा आणि बघा" लिहिता. एकट्यानं गाडी चालवतो, दरवेळी कोण उतरणार? तुम्ही खरंच उतरायचात का? (गोकाक)

खरं सांगतो, पहिली काही वर्षं नाही.

सौंदत्तीची यात्रा, मार्गशीर्षातली पौर्णिमा. डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते. कोल्हापूरकडनं आलेल्या गाड्या, आमच्या गाड्या, बैलगाड्या, भंडारा, चौंडकी. मी दुपारी गाडी लावून जेवायला गेलो होतो. परत आलो, कंडक्टर गर्दीत कुठं अडकला ते कळेना, कंट्रोलर घाई करत होता. मी वर चढलो, दोन्ही आरसे बघितले. स्वच्छ. मागं मोकळं. इंजिन चालू केलं, रिव्हर्स टाकला. आणि का कुणास ठाऊक, डाव्या आरशाच्या खालच्या कडेला, चाकापाशी, एक पितळेची परडी दिसली. नुसती परडी. माणूस नाही.

इंजिन बंद केलं, उतरलो, वाकून बघितलं. मागच्या चाकाला डोकं टेकून एक म्हातारी झोपली होती. हिरवं लुगडं, कपाळभर भंडारा, पायातल्या वहाणा काढून उशाला घेतलेल्या. डोंगरावर तेवढी एकच सावली होती, माझ्या बसची. तिच्या पलीकडे आणखी दोन पोरं होती.

माझे पाय लटपटले. मी तिथंच, चाकाला टेकून, तिच्या शेजारी मातीत बसलो. कंडक्टर आला, "काय करूलाल्यास रे?" म्हणाला. मला बोलता येईना, मी नुसतं बोटानं दाखवलं. तोही खाली बसला.

आमच्या आवाजानं म्हातारी जागी झाली. डोळे चोळले, परडी जवळ ओढली, माझ्या खाकीकडे बघितलं आणि म्हणाली, "गाडी सुटली काय रे लेकरा?"

मी म्हटलं, "नाही आजी. निज तू अजून थोडी."